लोणाडच्या डोंगरावर मागे राहिले

रविवारी दुपारचं व्याख्यान म्हटलं की मला शनिवारपासूनच भीती वाटायची. आणि तरी वर्षभरात एकही रविवार मी चुकवला नाही. कुणी विचारलं असतं, एवढं घाबरतेस तर जातेस कशाला, तर मला सांगता आलं नसतं. घाबरत जायचे, घाबरत बसायचे आणि परत येताना मात्र हलकी होऊन यायचे.

आमचं गाव हिंगोलीकडं. माझी शाळा सहावीत सुटली. सातवीचा वर्ग पलीकडच्या गावात होता आणि त्याच साली आई अंथरुणाला लागली. घरातलं कोण करणार, म्हणून मी राहिले ती राहिलेच. पुढं लग्न झालं, नवऱ्याला भिवंडीत टेम्पोवर काम मिळालं आणि आम्ही जवळच्या वळ गावात चाळीतल्या एका खोलीत येऊन पडलो. मी राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला लागले. खोके जुळवायचे, माल भरायचा, टेप मारायची, स्टिकर लावायचं. कामाची भीती नव्हती, बोलायची होती. आमच्या बोलण्याला टेबलावरच्या बायका हसायच्या. वाईट मनानं नाही, पण हसायच्या. मी ‘का’च्या जागी ‘कावून’ म्हटलं की पुढचा तासभर सगळ्या जणी एकमेकींना ‘कावून गं, कावून’ करत राहायच्या. मग मी बोलणंच कमी केलं.

व्याख्यानाला मला ओढून नेलं ते शेजारणीनं. ती इथलीच. चाळीत भिंतीला भिंत आणि गोदामात टेबलावरही माझ्याच बाजूला. गावातल्या समाजमंदिरात एक निवृत्त शिक्षक दर रविवारी मोठ्या माणसांसाठी काहीतरी ठेवतात. कधी स्वतः बोलतात, कधी बाहेरून कुणाला आणतात. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो.

“चल गो, पंखा हाय, चहा हाय,” शेजारीण म्हणाली होती. “झोप आली तर झोप. सर कुणाला उठवत न्हाय.”

पहिल्या दिवशी मी दाराजवळच बसले, हात लांबवला की चपला लागतील अशी. सर एकेकीला विचारणार, शिक्षण किती, आणि मी सांगणार सहावी, आणि मग ते म्हणणार, तुम्हाला नाही हो हे कळायचं, असं सगळं मी मनात आधीच करून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, “पंखा लागतोय का तिथं? नाहीतर पुढं या.” एवढंच. मी पुढं गेले नाही, पण चपलांवरचं लक्ष काढलं.

काय काय ऐकलं त्या वर्षात! रक्तदाब म्हणजे काय ते ऐकलं. वीजबिलावरचे आकडे कुठून येतात ते ऐकलं. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणारे कसे ओळखायचे, मुलांच्या पोटात जंत का होतात, आपल्या तालुक्यातली देवळं किती जुनी आहेत, सगळं ऐकलं. शेवटी सर म्हणायचे, “आता प्रश्न.” माझ्याकडं प्रश्न असायचे. ते घशापर्यंत यायचे आणि तिथंच बसायचे. एकदा डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा मी शेजारणीच्या कानात म्हटलं, मग लोणच्याचं काय? तर ती उठून उभीच राहिली. “म्याडम, हिला इचारायचंय, लोनचं सोडायचं काय? गावावरून बरनी भरून येतं हिच्याकडं!” सगळं सभागृह हसलं. मी पदरात तोंड घातलं. पण उत्तर मिळालं. माझ्या वतीनं बोलायची सवय तिला तेव्हापासूनच होती आणि मला ती बरी वाटायची, हेही खरं.

नवऱ्याचा विरोध नव्हता. विरोध असता तर भांडता आलं असतं. त्याला भीती वाटायची, आणि ती माझ्यासारखीच होती, म्हणून तिच्यापुढं मला काही सुचायचं नाही. “इथं आपलं कोण आहे?” तो म्हणायचा. “गावाकडं असतो तर चार माणसं धावली असती. इथं काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?” समाजमंदिर चाळीपासून हाकेच्या अंतरावर, तिथवर ठीक होतं. पण सरांनी सहली सुरू केल्या तेव्हा त्याची धास्ती वाढली. मग जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, “जा. पण एकदा जरी काही गडबड झाली ना, तर मग व्याख्यान नाही, सहल नाही, काही नाही. मला हे टेन्शन झेपत नाही.”

आवाज चढवून म्हणाला असता तर मी विसरले असते.

पहिली सहल निजामपुऱ्यात, एका लूमच्या कारखान्यात. सरांना वाटायचं, जन्मभर भिवंडीत राहून आपण अंगावरचं कापड कसं विणतात ते बघितलेलं नाही. त्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. गल्ल्या एकसारख्या, रिक्षा अंगावर येणाऱ्या. मी सगळा वेळ शेजारणीच्या साडीचं टोक मुठीत धरून होते. घरी आल्यावर ती नवऱ्यासमोरच म्हणाली, “भावजी, तुमची बायको मी मांजराच्या पिल्लासारखी तोंडात धरून फिरवली!” तो हसला. मला हायसं वाटलं.

सहलीत सरांची एक पद्धत होती. हजेरी नाही, नावं नाहीत. सकाळीच जोड्या लावायच्या. गाडी सुटायच्या आधी सर दारात उभे राहून विचारायचे, “जोड्या?” आणि प्रत्येकीनं सांगायचं, “माझी आहे.” माझी जोडी अर्थात शेजारणीशी.

गोदामातही असंच काहीसं चालतं. सकाळी सुपरवायझर टेबलासमोर येऊन विचारतो, “टेबल पूरा?” आणि जी उभी असेल ती सांगते, “पूरा.” कुणी बाथरूमला गेलेली असते, कुणी गेटवर तपासणीत अडकलेली असते. रॅकवर डबा दिसला की माणूस आलं असं आम्ही धरतो. त्यात लबाडी काही नसते. डबा ठेवून कोण घरी जाणार? वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींच्या डब्याकडं बघून एकमेकींची हजेरी दिलेली आहे.

लोणाडची सहल थंडीत निघाली. सोनाळ्यावरून आत वळलं की गोदामांच्या पत्र्यांमागं तो डोंगर दिसतो. तसा लहानसाच, पण वर दगडात खोदलेली लेणी आहेत. आधीच्या रविवारी सरांनी त्यांची चित्रं दाखवली होती. वर चढून गेलो तेव्हा आत गारवा होता. जाड खांब, एका बाजूला शेंदूर लावलेली देवी आणि बाहेरच्या अंगाला एक मोठी कोरीव शिळा. त्यात राजा बसलेला, बाजूला माणसं, चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. सर सांगत होते की इथं भिक्खू राहायचे, पावसाळाभर अभ्यास करायचे. “म्हणजे ही पण शाळाच,” सर म्हणाले. आमच्यातली एक म्हणाली, “मग पट कमी पडला आसंल, बंद केली!” सगळ्या हसल्या, सर सगळ्यांत जास्त.

खाली उतरून झाडाखाली आम्ही चटणी-भाकरी खाल्ली, वर चहा झाला. आणि निघायच्या वेळेला मला आडोशाला जायची वेळ आली. हे लिहायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाकीच्या बायका जवळच्या झुडपामागं जाऊन आल्या होत्या. मला ते जमत नाही. गाडीचा ड्रायव्हर दिसत होता, सर दिसत होते. मी पिशवी सीटवर ठेवली, फोन पिशवीतच होता, आणि शेजारीण कुणाशी तरी बोलत होती म्हणून तिला न सांगताच पुन्हा वर चढले, लेण्यांच्या मागच्या बाजूला, जिथं कुणीच दिसणार नाही तिथं. सांगायचं तर काय सांगायचं? तिनं तिथूनच ओरडून विचारलं असतं, कुठं चाललीस गो.

परत येत होते तर खालून गाडीचा आवाज आला. मला वाटलं, वळवून घेत असतील. पाण्याच्या टाक्यापाशी आले आणि बघितलं तर झाडाखाली कुणी नव्हतं. रस्त्यावर धूळ उडत होती आणि धुळीपुढं आमची पिवळी गाडी गोदामांच्या मागं वळत होती.

मी हाक मारली नाही. का, ते मला अजून कळत नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाज निघाला नाही.

त्यानंतर किती वेळ तिथं उभी होते कुणास ठाऊक. आधी वाटलं, आत्ता वळतील. मग वाटलं, शेजारीण बाजूला बघेल, मी नाही म्हणून ओरडेल. मग आठवलं, पिशवी सीटवर आहे. सरांनी विचारलं असणार, जोड्या? आणि तिनं खिडकीतून बोलता बोलता पिशवी बघितली असणार. पुढचं मला तिच्या आवाजात ऐकूच आलं.

नवऱ्याचे शब्द आठवत होते. वाघराची भीती नाही, साप-विंचवाची नाही, भुताची नाही. तो काय म्हणेल, याचीही नव्हती, कारण तो काही म्हणणारच नाही. रविवार येईल, दुपार होईल, शेजारीण दार वाजवेल आणि मी म्हणेन, आज अंग दुखतंय. असे सगळे रविवार मला तिथं दगडावर बसल्या बसल्या दिसले.

तेवढ्यात बाप्यांचे आवाज आले. हिंदीत बोलत दोघे-तिघे वर येत होते. मी टाक्यामागच्या वाळलेल्या गवतात खाली बसले, तोंडावर पदर घेतला. ते लेण्यात शिरलेच नाहीत. कडेला उभे राहून खालची जमीन एकमेकांना दाखवत होते. एवढा प्लॉट, तेवढा प्लॉट, इकडून कंटेनर येईल, तिकडून जाईल. एकानं बाटलीतलं पाणी प्यायलं. त्यांच्याकडं फोन होते, गाडी होती, मदत मागता आली असती. पण मी श्वास धरून बसून राहिले आणि ते निघून गेले. ते गेल्यावर मला रडू आलं. ते होते म्हणून घाबरले होते, आणि आता ते गेले म्हणूनही घाबरले.

खाली उतरून रस्त्याला लागावं म्हणून निघाले तर पायवाटेवर एक म्हातारी भेटली. डोक्यावर काटक्यांचा भारा, पुढं दोन शेळ्या. तिनं मला वरून खाली बघितलं.

“कंची गो तू बाय? हितं एकलीच काय करतंस?”

“गाडी गेली,” मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

“गाडी गेली म्हंजे? सोरून गेली तुला?” तिनं भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसली. “सकाली त्या बायकांचा थवा आला व्हता त्यातली काय? ह्ये देवा! येवढ्या बायका आनि माणूस इसरल्या? आमी शेल्या मोजतांव गो घरी जाताना!”

मला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. तिनं कमरेच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला बटणांचा फोन काढला. “घे, लाव कुनाला लावायचा त्यो. मला लावता येत न्हाय, नातू लावून देतो. पन पैसे हायत त्याच्यात.”

फोन हातात आला आणि तेव्हा कळलं. मला एकच नंबर पाठ आहे. सरांचा नाही, शेजारणीचा नाही, ते सगळे फोनमध्ये, आणि फोन सीटवरच्या पिशवीत. माझा स्वतःचा नंबरही मला पाठ नव्हता. मी मला कधी फोन केलेला नाही. पाठ होता तो फक्त नवऱ्याचा, गोदामात गेटवर रोज सांगावा लागतो म्हणून. साऱ्या जगात ज्या एका माणसाला हे कळायला नको होतं, त्याचाच.

म्हातारी बघत होती. “काय गो? इसरलीस?”

“नवऱ्याचाच आठवतोय.”

“मंग लाव की!”

“तो चिडेल.”

“मारतो काय?” तिनं सरळ विचारलं.

“नाही हो, मारत नाही. घाबरतो.”

“घाबरनारा दाल्ला!” म्हातारी शेळीकडं बघत म्हणाली, जणू तिलाच सांगत होती. “माझा तर फोनच घेत न्हवता. आज गेला त्याला लय वर्सां झाली, तरी वाटतं, लावला तर आता पन उचलायचा न्हाय मेला. लाव बाय. उन्हं कलली की हितं कोन न्हाय येत.”

मी दुसरी वाट शोधत होते. चालत सोनाळ्यापर्यंत जावं, तिथून रिक्षा, घरी त्याच्या आधी पोचावं, शेजारणीला गप्प राहायला सांगावं. पैसे पिशवीत. रस्ता माहीत नाही. आणि सरांना मी नाही हे कळलं की तेही आधी त्यालाच फोन करणार. त्याला परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मनात आलं, पण ते काही धीरानं आलं नाही. दुसरं काही उरलंच नाही म्हणून आलं. मी नंबर दाबला.

“कोण?” तो म्हणाला.

“अहो, मी बोलतेय. मी मागे राहिले. लोणाडला. डोंगरावर. गाडी गेली.”

पलीकडं आमच्या लहानग्या मुलीचा रडका आवाज येत होता.

“तू कुठं आहेस?” तो हळूच म्हणाला.

“लोणाडला म्हणते ना.”

“मग आत्ता तुझ्या फोनवर कोण बोललं? खिचडीत पाणी किती घालू विचारायला लावला होता मी. आवाज ओळखू आला नाही, पण बाई म्हणाली, इथंच मागं आहे, डोळा लागलाय तिचा, उठवू का. मी म्हटलं राहू दे.”

कानाला फोन लावून मी नुसती उभी. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी जसा गवतात श्वास धरला होता तसा तो तिकडं धरून होता.

“ती खोटं का बोलली?” त्यानं विचारलं. “तू कुणाच्या फोनवरून बोलतेस? तिथं कोण आहे तुझ्याजवळ?”

म्हातारीला ऐकू गेलं असावं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तो उलटा धरून ओरडली, “म्हातारी हाय! दोन शेल्या हायत! तू ये!”

लेण्यांखालच्या वळणावर ती माझ्यासोबत बसून राहिली. जा म्हटलं तरी गेली नाही. आधी आमची गाडी आली. पुढं मला कळलं ते असं की नवऱ्यानं लगेच पुन्हा माझ्या नंबरवर फोन लावला आणि म्हणाला, झोपली असेल तर उठवा. तेव्हा शेजारणीनं मागच्या सीटवर बघितलं. मी तिथं जाऊन आडवी झालेय असं ती धरून चालली होती, पिशवी तर समोरच होती. मागच्या सीटवर कुणाच्या तरी शालींची गुंडाळी होती. ती अशी किंचाळली म्हणतात की ड्रायव्हरनं राजनोली नाक्याच्या अलीकडं भर जाममध्ये ब्रेक मारला.

ती गाडीतून उतरली ती रडतच. मला मिठी मारून पाठीवर धपाटे घालायला लागली. “मेली तू! सांगून जायला काय झालं तुला? तोंड न्हाय देवानं दिलेलं?” सर खाली उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, “चला ताई, बसा.”

“ते येतायत,” मी म्हटलं. “घरून निघालेत.”

मग सगळ्याच जणी थांबल्या. सकाळपासून हसणाऱ्या त्या बायका, आणि आता सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडं. माझ्या एकटीच्या भीतीत एवढी माणसं येऊन बसलेली मी कधी बघितली नव्हती. कुणी विचारलं नाही, पण प्रत्येकीच्या घरी कुणीतरी असं ताटाकडं बघत बोलणारं असणार.

टेम्पो आला. तो उतरला तेव्हा मुलगी त्याच्या कडेवर, तिच्या फ्रॉकवर खिचडी सांडलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, हात, पाय, कपडे. मग मुलगी माझ्याकडं दिली.

सर पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. “चूक माझी आहे. मी डोळ्यांनी बघायला हवं होतं, तोंडी विचारून भागलं नाही.”

ते बघून मी खरी घाबरले. दिवसभरातली सगळ्यांत मोठी भीती ती. माझ्यामुळं पांढऱ्या केसांचे सर एका टेम्पोवाल्यापुढं हात जोडून उभे होते, आणि तो टेम्पोवाला माझा होता, आणि तो आता काय बोलेल ते मला माहीत नव्हतं. शेजारीणही पुढं आली. “भावजी, मी खोटं न्हाय बोलले हो. मला वाटलं ती हायच. शप्पत.”

नवऱ्यानं सरांचे जोडलेले हात खाली केले, धरून. मग म्हातारीजवळ जाऊन वाकून पाया पडला. ती म्हणाली, “खिचडी जलली आसंल ना रे?” आणि शेळ्या हाकत निघून गेली.

आम्ही टेम्पोतून घरी निघालो. राजनोलीला जाममध्ये गाडी बंद पडली. पडली म्हणजे त्याच्याच हातून पडली. तो रोज त्या रस्त्यानं जातो, त्याच्या हातून कधी गाडी बंद पडत नाही. मागून हॉर्न वाजत होते. त्यानं पुन्हा किल्ली फिरवली आणि पुढं बघत म्हणाला, “बाई म्हणते गाडीत झोपलीये आणि तू म्हणतेस डोंगरावर. मला वाटलं, तुझ्या आवाजात कुणीतरी...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

आठवडाभर त्यानं विषय काढला नाही. मी रोज वाट बघायचे की आज सांगेल. मंगळवार गेला, बुधवार गेला. शेजारीण गोदामात टेप मारता मारता कुजबुजायची, “बोलला काय?” मी मान हलवायचे, नाही. तिनं त्या आठवड्यात रोज माझ्यासाठी काहीतरी करून आणलं.

रविवारी जेवणं झाली. मी भांडी घासत होते, घासलेलीच परत घासत होते. बाहेर शेजारीण उभी राहिली, पण तिनं दार वाजवलं नाही. नवऱ्यानं शर्ट घातला. केस विंचरले. मुलीला उचललं.

“चल,” तो म्हणाला.

“कुठं?”

“तुमच्या त्या सरांकडं.”

समाजमंदिरापर्यंतचा रस्ता मला एवढा लांब कधी वाटला नाही. तो सरांना सगळ्यांदेखत सांगणार, हिचं नाव कमी करा. नाहीतर त्याहून वाईट काही. शेजारीण आमच्या मागं दहा पावलांवरून येत होती. सर दारात होते, त्यांनी त्याला बघितलं आणि खुर्ची पुढं केली. तो बसला. मुलीला मांडीवर घेऊन, हाताची घडी घालता येत नाही म्हणून तिच्याभोवतीच हात गुंफून, सगळ्यांत मागं.

त्या दिवशी बोलायला एक डॉक्टर आल्या होत्या. ओझं उचलणाऱ्यांची, बसून काम करणाऱ्यांची पाठ का दुखते, यावर. मला एक शब्द ऐकू आला नाही. कमरेचे मणके दाखवणारं चित्र होतं, तेवढं आठवतं. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते.

सर म्हणाले, “आता प्रश्न.”

मागं खुर्ची सरकली. तो उभा राहिला.

“म्याडम,” तो म्हणाला, आणि घसा साफ केला. “तुम्ही म्हणता, अर्ध्या तासानं गाडी थांबवायची, उतरून चालायचं. ते ठीक आहे. पण राजनोलीला जाम लागतो. गाडी थांबलेलीच असते, उतरता येत नाही. मग काय करायचं?”

सभागृह हसलं. डॉक्टरही हसल्या, पण मग गंभीरपणे म्हणाल्या, “चांगला प्रश्न आहे. या इकडं, दाखवते.” आणि त्यांनी त्याला पुढं बोलावून खुर्चीत बसवलं. सीटवर बसल्या बसल्या पोट आत घ्यायचं, खांदे मागं, मान अशी, कंबर अशी. त्यानं सगळ्यांसमोर ते केलं. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी पदरातून बघत होते, आणि तो पुन्हा काही विचारतो की काय, अशी धास्ती होतीच. त्यानं विचारलं. “स्टेअरिंग धरून करायचं की सोडून?”

“धरून हो!” शेजारीण ओरडली, आणि मग त्याच्याकडं बघून एकदम गप्प झाली. तो हसला. तिच्याकडं बघून हसला.

चाळीकडं परत येताना तो खांदे मागं करून चालत होता. मी दोन पावलं मागं. मध्येच त्यानं विचारलं, “पुढच्या रविवारी पण पाठीचंच आहे?”

“नाही,” मी म्हटलं. “विम्याचं आहे बहुतेक.”

“मग मला नाही जमणार, गाडीला भाडं आहे.” थोडं चालून म्हणाला, “तू नीट ऐकून ये. मला सांग.”

मी हो म्हटलं. खोलीत येऊन पाणी प्यायले. ऐकून येईन, पण सांगायचं कसं? वर्षभर मी नुसतं ऐकलं होतं. आता लक्षात ठेवावं लागणार होतं, आणि नाही कळलं तर विचारावं लागणार होतं, स्वतः उभं राहून.